चुकलं तुमचं, बाई

"थांब जरा. आता या ओळीपासून वाच." बाईंनी धड्याच्या मधल्या ओळीवर बोट ठेवलं.

दुसरीतली ती मुलगी आत्तापर्यंत घडाघडा वाचत होती. वर्गात तिला सगळे मैना म्हणत. तिनं बोटाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे.

"पहिल्यापासून म्हणू का?"

'वाचू' नाही, 'म्हणू'. पोरीला धडा नुसता पाठ होता, हे बाईंनी ओळखलं.

त्यांची ताई अशीच होती. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून धाकटी, म्हणजे बाई स्वतः, ताईचा धडा मोठ्यानं वाचायची आणि ताई भाजी निवडता निवडता जिवाचा कान करून ऐकायची. मध्येच राक्षसाचा आवाज काढून धाकटीला हसवायचीही. सकाळी वर्गात अख्खा धडा म्हणून दाखवायची, एका शब्दाची चूक नाही. किती सुंदर संध्याकाळी होत्या त्या! मग एकदा गुरुजींनी न शिकवलेलं पान उघडलं. ताईनं कालचाच धडा म्हटला. वर्ग खो खो हसला. 'लबाड' म्हणत गुरुजींनी छडी उचलली. त्या दिवशी ताईचं दप्तर खुंटीला लागलं, ते कायमचं.

"पहिलीत परत बसवू त्या मैनेला," मुख्याध्यापक म्हणाले. "पालथ्या घड्यावर पाणी आहे ते."

"घडा पालथा नाही, सर. सहामाहीपर्यंत थांबा."

शाळा सुटल्यावर बाई मैनेला खिडकीपाशी घेऊन बसू लागल्या. घ आणि ध, भ आणि म तिला सारखेच दिसत. पुस्तक त्यांनी बाजूलाच ठेवलं.

"काल घरी काय झालं, सांग."

बोलायला मैना कधी हटायची नाही. "मांजरीनं बाबांच्या बुटात पिल्लं दिली."

बाईंनी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं. रोज नवं वाक्य, मैनेच्याच तोंडचं. कधी गाडी पुढे जायची, कधी कालचं अक्षर आज अनोळखी व्हायचं. बाई पुन्हा खडू उचलायच्या.

सहामाही तोंडावर आली तेव्हा एका दुपारी त्यांनी मुकाट्यानं जुन्याच वाक्यातले शब्द फिरवून लिहिले. मैना बोट ठेवत, अडखळत निघाली. "बा... बाबांनी... मां... मांजरीच्या... बुटात..." पुढचे दोन शब्द तिनं मनातच वाचले आणि ती पोट धरून हसू लागली.

"चुकलं तुमचं, बाई. बाबा कशी पिल्लं देतील?"

पाठ असतं तर ती हसली नसती. बाई फळ्याकडे तोंड करून उगाच खडूची धूळ पुसत राहिल्या.

त्या संध्याकाळी त्या ताईकडे गेल्या. ताई मटार सोलत होती. बाईंनी सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून. ताईचे हात थांबले.

"पाठ म्हणतेय हे कळलं, तेव्हा तिला मारलं नाहीस ना गं?"

"नाही, ताई."

"बरं केलंस," ताई म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.