शिखरावर सांगायची गोष्ट

‘उंचीवर गेलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही. शिखर हे सत्याचं व्यासपीठ आहे.’ हे वाक्य मी एका दिवाळी अंकात लिहिलं, तेव्हा मी चढलेली सर्वांत मोठी उंची म्हणजे पर्वती होती, आणि तीही अर्धी. निम्म्या पायऱ्यांवर बायकोला चपला चावायला लागल्या असं मी सगळ्यांना सांगतो.

लेकींना बापाचं नको ते लिखाण लक्षात राहतं. २००७च्या जूनमध्ये आम्ही दोघं आमच्या उर्वीकडे ग्लासगोला गेलो. त्याच महिन्यात तिचे सासू-सासरेही नागपूरहून आले होते. एका रात्री भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता उर्वीने मला सांगितलं, की मिहीरला, म्हणजे आमच्या जावयाला, इथे कन्सल्टंटची कायमची जागा मिळाली आहे, घराचाही व्यवहार झाला आहे, आणि आता ते भारतात परतणार नाहीत. मी अभिनंदन केलं. तेव्हा ती म्हणाली, की हे अजून तिच्या सासऱ्यांना माहीत नाही आणि ते मी सांगायचं आहे.

मिहीर का नाही सांगत, असं मी विचारलं. त्याला जमत नाही, म्हणाली. सुनीतीताईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, सांगू दे म्हटलं, तर म्हणे त्या आधी रडतील आणि मग सांगतील.

“बाबा, तू आयुष्यभर लोकांना टोचून बोललास,” उर्वी म्हणाली. “एकदा, एकच गोष्ट, न टोचता बोल. रविवारी अ‍ॅरन बेटावर जाऊ. तिथे गोटफेल नावाचा डोंगर आहे. वर गेलात की सांग. तूच लिहिलंयस ना ते शिखराचं?”

माझे व्याही डॉक्टर शशिधरराव हाडांचे डॉक्टर. नागपूरच्या धंतोलीत त्यांचं हॉस्पिटल आहे. मिहीरही हाडांचाच. हॉस्पिटल त्याच्यासाठीच चालू ठेवलेलं, एरवी ते कधीच निवृत्त झाले असते. माणूस इतका सज्जन, की माझ्यासारख्याची पंचाईत होते. लग्नात गुरुजींनी मला नवऱ्या मुलाचे पाय धुवायला सांगितले, तेव्हा मी भर मांडवात जाहीर केलं होतं, की मुलाकडच्या कुणाच्याही पायाला मी हात लावणार नाही. या विषयावर माझे सात लेख आहेत. गुरुजींनी तांब्या खाली ठेवला. शशिधरराव तेवढे म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. पाय धुवायला नळ आहेत नं.” आणि मिहीरला नळाकडे पाठवलं. एवढ्या तयारीने केलेल्या बंडाचं असं कुणी करू नये.

रविवारी मिहीर नेमका हॉस्पिटलच्या ड्यूटीवर, ऑन कॉल होता. बायका उर्वीबरोबर धक्क्याजवळच्या कॅफेत स्कोन खात बसल्या आणि आम्ही दोघे व्याही, एक पाण्याची बाटली आणि सुनीतीताईंचा चिवडा घेऊन डोंगराच्या रस्त्याला लागलो. मला डोंगर नको होता. त्यांनाही नको होता, हे आज मी खात्रीने सांगू शकतो. पण त्यांनी आदल्या दिवशी सौजन्याने “छान दिसून राहिला डोंगर” असं म्हटलं होतं आणि मी सौजन्याने “जाऊ या की” म्हटलं होतं. दोन व्याह्यांमध्ये एवढं झालं, की मग परतीचा रस्ता बंद होतो.

पाइनच्या झाडीत एक लाकडी फाटक लागलं. तिथे “तुम्ही आधी”, “छे, तुम्ही आधी” यात बराच वेळ गेला. मागून आलेलं एक स्कॉटिश कुटुंब आमच्यामधून कुत्र्यासकट पुढे गेलं. फाटकापलीकडे मी विषय काढला. मिहीरचं इथे बरं चाललंय, असं म्हणालो. शशिधरराव खुलले आणि म्हणाले, की हॉस्पिटलचा नवीन बोर्ड तयार आहे. पितळी. दोघांची नावं, पण मिहीरचं वर. सुनीतीला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. मी सांगणार नाही म्हणालो. सांगायच्या गोष्टीत एक न सांगायची गोष्ट वाढली.

झाडी संपल्यावर उघडा माळ आला. ओढ्याशी मी पुन्हा सुरुवात केली. हल्ली मुलांचे बेत बदलतात, असं मोघम बोललो. ते म्हणाले, “बदलतातच,” आणि पेशंटच्या लिफ्टसाठी खड्डा खणून घेतल्याचं सांगितलं. मी चिवडा खाल्ला.

मग मोठमोठे दगड सुरू झाले. आपल्या सह्याद्रीचा दगड काळा, ओळखीचा असतो. हा पांढुरका, खरखरीत ग्रॅनाइट. गाद्या रचून ठेवाव्यात तसा थरावर थर. शशिधररावांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “हाडासारखा दिसते.” मी दर थोड्या वेळाने एखाद्या गादीवर बसत होतो. ते बसत नव्हते. दगडाला टेकून उभे राहायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. मला वाटलं, हा माणूस मला लाजवतोय. म्हणून मीही बसणं कमी केलं.

वरून उतरणारा प्रत्येक जण “ऑलमोस्ट देअर” म्हणत होता. पहिल्याने म्हटलं तेव्हा मला आनंद झाला. पुढे मला त्या सगळ्या समाजाबद्दलच शंका यायला लागली.

“थकले असाल तर परतू आपण,” शशिधरराव एकदा म्हणाले.

“मी? छे. तुम्ही दमला असाल तर...”

“मी कायले थकतो?”

म्हणून आम्ही चढत राहिलो.

शिखरावर पोचलो आणि ढग आला. पाच पावलांपलीकडे जग संपलं होतं. तिथे एक चौथरा आहे, त्यावर कुठल्या दिशेला काय दिसतं ते कोरलेलं आहे. बंद हॉटेलाबाहेरचं मेन्यूकार्ड वाचावं तसं आम्ही ते वाचलं. इकडे आयर्लंड. बरं. इकडे अमुक बेट. छान. धंतोली कुठेच नव्हती. वाऱ्याने माझे कान दुखायला लागले. वाचण्यासारखं काही उरलं नाही. खाली लेक वाट बघत होती, आणि तिच्यासमोर मला “झालं नाही” म्हणून उभं राहता येणार नव्हतं.

“शशिधरराव,” मी म्हणालो, “मुलं परत येणार नाहीत. मिहीरने इथली कायमची जागा घेतलीय. घरही घेतलंय.”

आयुष्यात लिहिलेल्या एवढ्या वाक्यांत इतकं बिनसजावटीचं वाक्य माझ्या हातून कधी गेलं नव्हतं. ते चौथऱ्याला हात टेकून उभे होते. खाली बघत होते, स्वतःच्या पायांकडे. पायात मिहीरचे बूट होते.

“हे सांगायले उर्वीने पाठवलं तुम्हाला?”

“हो.”

“अन् तो?”

“तो ऑन कॉल आहे.”

“ऑन कॉल,” ते म्हणाले. “माझे वडील उमरेडले वाट पाहत. दर दिवाळीले मी त्यांना हेच सांगो, ड्यूटी आहे म्हणून.”

धीर द्यायला म्हणून येताना दोन वाक्यं जुळवून आणली होती, ती आता वाचकांच्या पत्रव्यवहारासारखी वाटायला लागली. त्यांनी रागवावं, निदान मला चार शब्द सुनवावेत, असं फार वाटलं. मला त्याची सवय आहे. त्यांचा चेहरा हलला. डोळ्यांत पाणी होतं, ते वाऱ्याचं की कशाचं ते ढगात कळत नव्हतं. मी खांदे ताठ केले.

“एक मागू का तुम्हाला?” ते म्हणाले.

“काहीही मागा.” आणि मी मनापासून म्हणालो. जावई परत मागितला असता तरी आणून दिला असता.

“ही लेस बांधून देता का जरा? त्या फाटकापासून सुटून आहे, अन् माझा गुडघा काही वाकून नाही राहिला.”