बैलाची चौकशी

माझ्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघतील, शब्दही साधेच असतील, त्याची आधीच माफी मागतो. ज्याने मला रंगवलं, तो शाळा अर्ध्यावर सोडलेला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. त्याचीच भाषा माझ्या वाट्याला आली.

मी एक चित्र बोलतोय. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात, बैठकीच्या खोलीत माझा मुक्काम आहे.

"काहीतरी गमतीचं काढ," मालकांनी पेंटरला सांगितलं होतं. "जनावरं काढ. पाहुणे हसले पाहिजेत."

पेंटरला तेच हवं होतं. त्याचा दादा याच कारखान्यात पुठ्ठा कापायच्या यंत्रावर होता. यंत्राची हात वाचवणारी जाळी मोडली होती. सांगून सांगून तोंड दुखलं, पण कुणी ती बसवली नाही, आणि एके दिवशी दादाची तीन बोटं गेली. चौकशी झाली. दादाच निष्काळजी ठरला आणि नोकरीही गेली. जाळीचं सगळ्यांना ठाऊक होतं, पण साक्षीच्या वेळी सोबतचे कामगार खाली बघत म्हणाले, "जाळी होती, साहेब."

म्हणून पेंटरने मला असं काढलं: खुर्चीत लांडगा, शेजारी चष्मेवाले दोन कोल्हे, टिपण घेणारा पोपट. समोर खुराला पट्टी बांधलेला बैल. मागे मेंढरं, सगळ्यांचा एकेक पाय लांडग्याच्या बाजूने वर. हे पाहून मालकांची मान खाली जाईल, अशी पेंटरला आशा होती. तोंडाने बोलायची त्याची हिंमत नव्हती.

पण हात पडला पाट्यांचा. पाटीवर काहीही काढलं तरी शेवटी त्यावर पांढरी चकाकी मारायची, म्हणजे गिऱ्हाईक थबकतं. सवयीने त्याने लांडग्याच्या डोळ्यांत आणि दातांवरही ती मारली. लांडगा असा देखणा झाला की बोहल्यावर उभा करावा.

मालक माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हा मीच ना?"

पेंटर खाली बघून डबे आवरू लागला.

"अरे, लाजतोस काय? झकास काढलायस. एवढा रुबाब तर फोटोतसुद्धा येत नाही माझा."

मग मालकांनी कामगारांना बोलावून मला दाखवलं. ते एकमेकांना दाखवू लागले.

"ते कडेचं मेंढरू म्हणजे तू."

"मी कसला? कान बघ, तुझेच आहेत."

सगळ्यांना आपापला शेजारी सापडला. स्वतः कुणालाच सापडला नाही. स्वतःला सापडले ते एकटे मालक, आणि ते खूश झाले.

दादा त्याच दिवशी आपलं उरलेलं सामान न्यायला आला होता. कामगारांनी त्याला हाताला धरून माझ्यापुढे आणलं.

"ये, तुझा फोटो लागलाय बघ."

"पट्टीसकट हुबेहूब."

"बैल तो बैलच. नाही तिथे खूर घालणार."

दादाही हसला. एवढ्या लोकांत एकटा गप्प कसा राहणार?

नंतर खोली रिकामी झाल्यावर तो पेंटरला म्हणाला, "त्यांना लाज वाटावी म्हणून काढलंस, कळतं मला. पण बोटं गेली तेव्हा निदान हसलं तरी नव्हतं कुणी."

पेंटर माझ्याकडे बघत राहिला. मला पाठ फिरवता येत नाही, नाहीतर फिरवली असती.

बैठका अजून माझ्यासमोरच होतात. तुम्ही कधी आलात तर हसा, हसायला माझी ना नाही. पण हसून झाल्यावर मेंढरांचे चेहरे नीट बघा. एखादा ओळखीचा वाटला, तर शेजाऱ्याचं नाव घेण्याची घाई करू नका.

दादा येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना उघडताच पेंटर आला. "थोडं काम राहिलंय," असं राखणदाराला सांगून आत शिरला. चित्रात जनावरांमागे जी भिंत आहे, तिच्या रंगाचा डबा उघडून त्याने बैल शिंगांपासून पट्टीपर्यंत झाकून टाकला. लांडग्यासमोर कुणीच उरलं नाही, तेव्हा त्याने ब्रश पुसला आणि डबा उचलून दादाकडे निघून गेला.