दहा डेसिबल

मी डुप्लेक्सर बोलतोय. डोंगरमाथ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत, हौशी रेडिओवाल्यांच्या रिपीटरशेजारी, भिंतीला टेकून उभे असलेले तांब्याचे सहा डबे म्हणजे मी.

रिपीटर दूरचा क्षीण आवाज ऐकतो आणि तोच त्याच क्षणी मोठ्याने पुन्हा सोडतो. ऐकायला आणि बोलायला अँटेना एकच. स्वतःच्याच ओरडण्याने त्याचे कान बधिर होऊ नयेत, म्हणून मध्ये मी. माझ्या या अडवण्याला आयसोलेशन म्हणतात आणि ते डेसिबलमध्ये मोजतात.

मला एका रेडिओ मेकॅनिकने घडवलं. पाइप कापताना धरायला त्याची धाकटी बहीण असायची. ती फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर नर्स होती. डोंगरापलीकडे फोन लागत नसे, म्हणून तर हा खटाटोप. पाच वॅटचा ट्रान्समीटर धरून भावाने हिशोब केला; ऐंशी डेसिबल लागणार होते. माझे स्क्रू पिळून पिळून त्याने तेवढे मिळवले.

"आता तू कुजबुजलीस तरी मला ऐकू येईल."

"मग तुझ्या चुगल्या करायच्या कुठे?" ती हसली.

पुढे त्याने पन्नास वॅटचा ट्रान्समीटर आणला.

"दादा, आयसोलेशनचा हिशोब पुन्हा केलास?"

"दहाच डेसिबल तर जास्त लागतील. बघू सवडीने. आवाज किती लांब जातोय बघ ना!"

आवाज खरंच लांब गेला. जवळून बोलणाऱ्यांना काहीच जाणवलं नाही. मला जाणवत होतं. पण मला विचारतो कोण?

एका दुपारी पलीकडच्या रस्त्यावर दरड कोसळली. दवाखान्याची गाडी दरडीखाली सापडली. बहिणीने हातातल्या सेटवरून हाक मारली. तिचा बारीक आवाज रिसीव्हरपर्यंत पोचला, ट्रान्समीटर चालू झाला, आणि त्याच्या गोंगाटात तीच हाक बुडाली. ट्रान्समीटर थांबला की पुन्हा तिचा आवाज, पुन्हा गोंगाट. मी जीव तोडून अडवत होतो. दहा डेसिबल कमी पडत होते.

खाली गावात, आपल्या दुरुस्तीच्या दुकानात भावाला नुसतं "दा… दा…" असं तुटक ऐकू येत होतं. आधी त्याला वाटलं, सेट बिघडलाय. मग त्याने बहिणीचा आवाज ओळखला. हे त्याने नंतर माझ्यापुढे बसून सांगितलं.

तो धापा टाकत वर आला, ट्रान्समीटरची पॉवर उतरवली. स्पीकरमधून आवाज स्वच्छ आला, पण ड्रायव्हरचा.

"कुणी ऐकतंय का?"

"ऐकतोय! तिला द्या, सिस्टरना द्या सेट!"

"त्या मघापर्यंत बोलत होत्या हो. तुम्हालाच हाका मारत होत्या."

ड्रायव्हरला जिवंत बाहेर काढलं. तिला नाही.

रिपीटर आता पाच वॅटवरच चालतो. आवाज पोचत नाही, अशी लांबच्या गावांची कुरकुर असते. भाऊ येतो, दार ओढून घेतो, स्पीकरला कान लावून बसतो.

माझं तांबं आता काळवंडलंय. मला खुशाल भंगारात काढा. पण माझ्या जागी जो येईल, त्याला जोडण्याआधी ट्रान्समीटरची पॉवर बघा आणि आयसोलेशनचा हिशोब मांडा. दोन मिनिटांचं काम असतं ते.