पुलावरच्या चौकीसाठी दोन शब्द

"युद्धाच्या वणव्यात होरपळणाऱ्या प्रत्येक जिवाचं रक्षण करणं हे सुसंस्कृत राष्ट्राचं आद्य कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्यापासून जगातली कोणतीही शक्ती आपल्याला रोखू शकत नाही."

एवढं बोलून भावोजींनी चूळ भरली. टूथपेस्टचा फेस हनुवटीवरून बनियनवर उतरला होता. बाथरूमच्या दाराबाहेरून ताई म्हणाली, "अहो, आटपा. राष्ट्राला वेळ असेल, मला नाहीये."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायला होते. पण कर्मचारी संघटनेचे चिटणीस या नात्याने त्यांनी इतकी भाषणं ठोकली, की मीटर कधी वाचले हे खात्यालाही शेवटपर्यंत उमगलं नाही. निवृत्तीनंतर त्यांचा आवाज घरातच पडून होता. आज तो बाहेर निघायचा होता, आणि कारण हसण्यासारखं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी नर्स आहे. तिशी मागे पडली, पण घरात अजून बेबी. दूरच्या एका देशात दोन सैन्यांच्या मधोमध नदी आहे, नदीवर पूल आहे, आणि पुलाच्या अलीकडे एका शाळेत जखमींसाठी इस्पितळ उघडलंय. बेबी तिथे काम करते. पुलावर शांतिसेनेची चौकी आहे, त्यात शिपाई आपल्याकडचे. चौकीचा खर्च आणि इस्पितळाची औषधं, दोन्ही आपल्या सरकारच्या एकाच तरतुदीतून जातात. ती तरतूद या महिन्याअखेर संपत होती. वाढवली नाही, तर चौकी उठणार.

"चौकी उठली की काय होईल गं?" असं ताईने फोनवर विचारलं होतं.

"मग बघू," बेबी म्हणाली.

ताईला 'मग बघू'चा अर्थ चांगला ठाऊक आहे. शाळेत गणितात नापास झाल्यावरही पोरगी हेच म्हणाली होती. "तू निघून ये," ताईने सांगून पाहिलं. त्यावर बेबी म्हणाली, की ज्यांना चालता येतं त्यांना घेऊन येते, बाकीच्यांचं काय करू ते तूच सांग.

म्हणून आम्ही तिघं संकीर्ण तरतूद समितीपुढे निघालो होतो. या समितीपुढे नागरिकांना म्हणणं मांडता येतं. एका विषयावर एकानेच बोलायचं, एवढीच अट.

"मी बोलते," ताई आदल्या दिवशी म्हणाली होती.

"काय बोलशील?"

"पुलावरचे शिपाई काढू नका, तिथे माझी मुलगी आहे आणि इतरांच्याही आहेत."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

"अगं, याला भाषण म्हणतात का?" भावोजी कळवळून म्हणाले. "याला निरोप म्हणतात."

मग भावोजींचं नाव दिलं गेलं. मीही त्यालाच मान डोलावली. खणखणीत आवाजापुढे आमच्या घरात कोणाचं कधी चाललेलं नाही.

समितीच्या दालनाबाहेर सचिव भेटले. गृहस्थ इतके मऊ की त्यांच्यावर चिडायला आधी व्यायाम करावा लागेल. "घाबरू नका," ते ताईला म्हणाले. "काहीही झालं तरी तुमच्या विषयावर चर्चा झाली असंच इतिवृत्तात येणार."

"काहीही झालं तरी म्हणजे?" मी विचारलं.

"इथली पद्धत आहे. सकाळचे विषय दुपारी घेत नाहीत. जेवणाची घंटा झाली की उरलेल्या सगळ्या विषयांवर चर्चा झाली असं धरतात. कोणावर अन्याय नको."

"आणि निर्णय?"

"निर्णय झाला नाही तर आहे ती स्थिती कायम."

"आहे ती स्थिती म्हणजे तरतूद संपलेली?" ताईने विचारलं.

"हो ना," सचिव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. तेवढं मात्र त्यांच्या अधिकारात होतं.

आमच्या आधी एकच विषय होता: याच दालनातल्या खुर्च्यांच्या गाद्या. फोमच्या घ्याव्यात की काथ्याच्या. हां हां म्हणता आटपेल असं आम्हाला वाटलं. पण माणूस दुसऱ्याच्या दुःखावर थोडक्यात बोलू शकतो, स्वतःच्या कंबरेवर नाही.

"फोम दबतो," एक सदस्य म्हणाले.

"तुमच्याखाली काहीही दबेल," पलीकडचे म्हणाले.

"मी वजनाबद्दल बोलत नाहीये, तत्त्वाबद्दल बोलतोय."

"तत्त्व काथ्याचं असेल तर टोचतं हो."

उपाध्यक्ष बाईंनी डॉक्टरांचा सल्ला वाचून दाखवला. एकाने उभं राहूनच बोलण्याची परवानगी मागितली, बसून बोलणं हाच मुद्द्याचा विपर्यास आहे म्हणाला. ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. भावोजी ओठ हलवून पाठांतर करत होते. शेवटी गाद्यांसाठी उपसमिती नेमली गेली आणि अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं. "या, या. फार महत्त्वाचा विषय आहे. आम्ही सगळे तुमच्या बाजूचे आहोत. बोला."

भावोजी उठले, कोट खाली ओढला, माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. आता ते बोलतील, म्हणून मी ताईचा हात धरला.

"आजच्या बैठकीचे माननीय अध्यक्ष," भावोजी म्हणाले, "माननीय उपाध्यक्षा..."

संघटनेच्या व्यासपीठावर भावोजी वाढले ते याच शिस्तीत. समोर बसलेल्या प्रत्येकाचा मानाने उल्लेख केल्याशिवाय विषयाला हात घालायचा नाही. एक नाव सुटलं की पुढचं वर्षभर माणूस रुसलेला, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. आणि समिती भली मोठी.

"अहो, मुद्द्यावर या," ताई हळू आवाजात म्हणाली.

भावोजींनी तिला हातानेच थांबवलं. ते डावीकडून एकेक सदस्य घेत चालले होते. प्रत्येक जण नाव आलं की किंचित मान झुकवी आणि पुढच्याचं नाव ऐकायला सावरून बसे. तेवढ्यात टक्कल पडलेले एक सदस्य म्हणाले, "क्षमा करा. माझा उल्लेख यांच्या आधी यायला हवा होता."

"का बरं?" शेजारचे म्हणाले.

"मी आधीच्या समितीतही होतो."

"मधे तुम्हाला घरी पाठवलं होतं ना लोकांनी."

"म्हणून ज्येष्ठता जाते का?"

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी नियमावली उघडली. भावोजींनी माफी मागितली, आणि झालेली चूक निस्तरण्यासाठी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. "आजच्या बैठकीचे माननीय अध्यक्ष..."

ताई उठली. माइकशिवाय तिचा आवाज जेमतेम पुढच्या रांगेपर्यंत जाणारा. "पुलावरचे शिपाई काढू नका," ती म्हणाली. त्याच वेळी घंटा झाली आणि सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. "तिथे माझी मुलगी आहे," हे मला ऐकू आलं, कारण मी तिला खेटून उभा होतो.

अध्यक्ष जाता जाता थांबले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. "भावना पोचल्या," ते म्हणाले. टक्कलवाले सदस्य भावोजींना म्हणाले, "आवाज फार छान आहे हो तुमचा." उपाध्यक्ष बाईंनी ताईच्या पाठीवरून हात फिरवला. सचिवांनी इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं लिहून घेतलं. दालनात एकही वाईट माणूस नव्हता आणि बघता बघता एकही माणूस उरला नाही.

भावोजी अजून माइकसमोर उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मेव्हणे, मुद्दा पुढच्याच वाक्यात होता."

मग त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि सुरू केलं. युद्धाच्या वणव्यात होरपळणारा प्रत्येक जीव आला, सुसंस्कृत राष्ट्र आलं. मग पूल आला, चौकी आली, शाळेतलं इस्पितळ आलं. पाठ केलेलं संपल्यावरही ते बोलत राहिले. बेबी लहानपणी अंधाराला घाबरायची, हे त्यांच्या कागदावर नव्हतं. खरं सांगतो, बोलले फार सुंदर.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. बेबी होती. ताईने फोन आम्हा दोघांच्या मध्ये धरला.

"आई, बाबांचा आवाज येतोय. माइकवर आहेत?"

"हो."

"समितीपुढे?"

ताईने खुर्च्यांवरून नजर फिरवली. "समितीच्याच दालनात आहोत."

"ऐकतायत का सगळे?"

"मधे कोणी बोलत नाहीये," ताई म्हणाली.

पलीकडे बेबी थोडा वेळ ऐकत राहिली. तिच्यामागे काहीतरी जड ओढल्याचा आवाज येत होता. "मग होईल काहीतरी," ती म्हणाली. "इथे चौकीतले शिपाई सामान बांधायला लागलेत. आदेश आलाय म्हणतात. जाताना त्यांचं टेबल आम्हाला देतायत, ड्रेसिंगला उपयोगी पडेल. मी त्यांना सांगते, थोडं थांबा, माझे बाबा बोलतायत."

"सांग," ताई म्हणाली.

फोन कट झाला. ताईने तो पर्समध्ये ठेवला, पर्स मांडीवर घेतली आणि ती बसून राहिली. भावोजींना तिने थांबवलं नाही. मीही थांबवलं नाही. ते थांबले असते तर पुढे काय करायचं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

दार लोटून सफाईची बाई बादली घेऊन आत आली. तिने भावोजींकडे पाहिलं. भाषण ऐकायची तिला सवय असावी. पुसत पुसत ती आमच्या रांगेपर्यंत पोचली आणि ताईसमोर थांबली.

"आजी," ती म्हणाली, "पाय जरा वर घेता का?"