पिंपाभोवतीची जागा

घासखोली बंद करायची आहे, एवढं एकच वाक्य स्नेहल वारुळेला आपल्या जुन्या सरांना सांगायचं होतं. वारूळवाडीहून भावाची गाडी घेऊन निघाल्यापासून ती ते वाक्य घोळवत होती. मंचरपर्यंत ते सोपं वाटलं. घोडेगाव मागं पडलं तसं अवघड होत गेलं. डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा तिनं ठरवून टाकलं, की आधी इतिहासाचं बोलायचं, खोलीचं मग बघू.

इतिहासाचं निमित्त खोटं नव्हतं. विद्यापीठाच्या प्रकाशशास्त्र विभागाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, आणि त्याची पुस्तिका लिहायचं काम स्नेहलकडे होतं. विभाग सुरू केला तो डॉ. कुशाबा लोहकरे यांनी. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले नाहीत. त्यांचं मूळ गाव धरणात गेलेलं, म्हणून पाण्याच्या अलीकडे डिंभ्यात घर बांधून ते आणि त्यांच्या पत्नी कोंडाबाई राहत होते. सरांच्या नोकरीच्या वर्षांतही कोंडाबाई इकडेच शेती सांभाळत होत्या. स्नेहल त्यांची शेवटची विद्यार्थिनी. आता ती स्वतः तिथं शिकवत होती.

विभागाची सुरुवात कशी झाली, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. भौतिकशास्त्राच्या इमारतीत जिन्याखाली जागा होती, तिथं लोहकरे सरांसह तिघांनी दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला. तेलाचं रिकामं पिंप, ते हलू नये म्हणून आत दगड, वर एक काच, तिच्यावर दुसरी काच आणि मध्ये घासायची भुकटी. काचेला सगळीकडून सारखा उतार यायचा तर माणसानं घासत घासत पिंपाभोवती फिरावं लागतं. जिन्याखाली पिंपाची एक बाजू भिंतीला टेकलेली. मग अर्धी फेरी मारायची आणि उलटं यायचं. आरसा तयार झाला, दुर्बिणीत बसवला, आणि पाहिलं तर तारा ठिपक्यासारखा दिसेना, तांदळाच्या दाण्यासारखा लांबट दिसायला लागला. लोहकरे सर तो फसलेला आरसा घेऊनच कुलगुरूंकडे गेले. यंत्र मागितलं नाही, पैसे मागितले नाहीत. म्हणाले, पिंपाभोवती माणूस पुरता फिरेल एवढी खोली द्या. खोली मिळाली, आणि खोलीभोवती विभाग उभा राहिला. पुढं कितीही मोठ्या विषयावर काम करायचं असो, नवीन आलेल्यानं आधी घासखोलीत फेऱ्या मारायच्या, ही तिथली रीत पडली.

आता आरसे बाहेरून तयार येत होते. खोलीत गेली काही वर्षं कोणी फिरलं नव्हतं. लेझरच्या नव्या प्रयोगशाळेला तळमजल्यावरची, न थरथरणारी जमीन हवी होती, आणि तशी जमीन घासखोलीचीच होती. ती प्रयोगशाळा स्नेहलची होती. अर्ज तिनंच केला होता, तो मंजूरही झाला होता. विभागप्रमुख सुनील औटी तिला म्हणाले होते, "नियमानं काही अडत नाही. पण सरांचा शब्द आल्याशिवाय मी तिथली खुर्चीसुद्धा हलवणार नाही. आणि सांगायचं तूच."

अंगणात गाडी थांबली तशा कोंडाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"ये गं बाई. लई दिसांनी आलीस."

"काकू, वेळच मिळत नाही."

"पुन्यात कुनालाच येळ नसतो म्हनं. मंग समदा येळ जातो तरी कुटं? आमच्याकडं तर पडून आसतो."

सर ओट्यावर स्टुलावर बसले होते. समोर भिंतीला लावलेलं टेबल, त्यावर काच, आणि वरची काच दोन्ही तळव्यांनी ते पुढं-मागं सरकवत होते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना उभं राहून काम होत नसे. "ये, स्नेहल," ते म्हणाले, पण पाहिलं तिच्या कानाकडे. बोलतानाही नजर तिथंच राहिली. स्नेहलला वाटलं, यांना कळलंय, कोणीतरी फोन केलाय, आणि म्हणून हे आपल्या नजरेला नजर देत नाहीत.

"त्यांच्या बघन्याचं मनाला लावून घेऊ नको," कोंडाबाई पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाल्या. "मधलं दिसत न्हाई त्यांना, कडंचं दिसतं. मानसाचं त्वांड बघायचं आसलं की कानाकडं बघत्यात. परवा मासळीवाल्या गोरखला वाटलं, सर रागावले. त्यानं भिऊन येक मासा जादा दिला."

"चांगला होता मासा," सर म्हणाले. "डोळ्याच्या आत पडदा असतो, त्याच्या मधोमध झीज झाली आहे. वयाचं आहे, बरं व्हायचं नाही. पण तू आलीस ते फार बरं झालं. हा आरसा इथल्या शाळेसाठी करतोय. माझ्या हाताला तो झाल्यासारखा वाटतो, पण तपासायला डोळा नाही."

स्नेहलनं पुस्तिकेचं काढलं, पण सरांचं लक्ष काचेत होतं. त्यांनी आरसा धुऊन पुसला आणि तिला मागच्या खोलीत नेलं. खिडकीवर गोणपाट टांगलेलं होतं. एका टोकाला लाकडी घोडीवर आरसा, आठ फुटांवर पाटावर बॅटरीचा दिवा, त्याच्यापुढं सुईनं भोक पाडलेला पत्रा आणि शेजारी दाढीचं पातं. भोकातून निघालेला उजेड आरशावरून परत येतो. तो पात्यानं हळूहळू कापत गेलं की आरशावर सावली सरकते, आणि काचेतला उंचसखलपणा डोंगर-दऱ्यांसारखा उठून दिसतो. विभागात हे काम नेहमी दोघं करत. एक घासायचा, दुसरा पाहायचा. पाहणाऱ्यानं दिसेल तेवढंच बोलायचं. खड्डा, टेकडी, कड पडली. बाकी काही बोलायचं नाही.

स्नेहल जमिनीवर बसली. पात्याशी डोळा नेला.

सावली तिरकी आली. डावीकडून सरळ यायची ती वरच्या कोपऱ्यातून खाली, पदर ओढल्यासारखी. काय झालंय ते तिला लगेच कळलं. सर एकाच बाजूला बसून घासत होते. भिंतीकडच्या बाजूला त्यांना जाताच येत नव्हतं, आणि काच वळवायची आठवण प्रत्येक वेळी राहिली नसणार.

"कसा आहे?" सरांनी विचारलं.

"छान आहे, सर."

सरांनी काठी उचलली. मग म्हणाले, "छान नावाचा आकार मी तुला कधी शिकवला होता?"

सर काठी टेकत आरशाकडे गेले. तिथं पोचल्यावर तोल सावरायला त्यांनी आधार शोधला, आणि पंजा नेमका काचेवर टेकला गेला. "अरे," म्हणून त्यांनी तो लगेच उचलला. पण स्नेहलचा डोळा पात्याशीच होता. हाताच्या उबेनं काच फुगते, केसाच्या हजाराव्या हिश्श्यानंही नाही, तरी पात्याला ते दिसतं. तिच्यासमोर त्या गोल उजेडात सरांचा पंजा उमटला. पाच बोटांच्या पाच टेकड्या आणि मधे तळव्याची पठारासारखी उंची. उमटला, थोडा वेळ राहिला, आणि कडेकडून हळूहळू निवत काचेत बसत गेला. करंगळी सगळ्यात आधी गेली. सरांना यातलं काहीच दिसत नव्हतं. ते काचेशेजारी उभे राहून वाट पाहत होते.

या माणसाला आपण डोळे म्हणून आलो, आणि पहिलंच काय पाहिलं ते खोटं सांगितलं, असं स्नेहलला वाटलं.

"सावली तिरकी येते, सर. डावीकडून, वरून खाली."

"थांब, आरसा फिरवतो. आता?"

"तिरकेपणा काचेबरोबर फिरला."

"म्हणजे दोष काचेतच." सरांनी मान हलवली, आणि मग त्यांना हसू फुटलं. ते इतकं वाढलं की कोंडाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तांदळाचा दाणा! पन्नास वर्षं पोरांना सांगत आलो, पिंप भिंतीला लावू नका. आणि स्वतः टेबल भिंतीला लावून बसलो."

"सर," स्नेहल म्हणाली. ती अजून जमिनीवरच होती, आणि अंधारात तिचं तोंड त्यांना कडेनंही दिसत नव्हतं. "घासखोली बंद करायची आहे. माझ्यासाठीच करतायत. माझ्या लेझरच्या प्रयोगशाळेला ती जागा हवी आहे. मी मागितली. तुमचा शब्द घ्यायला आले, आणि सकाळपासून बोलले नाही."

हसू थांबलं. कोंडाबाईंनी दारातूनच विचारलं, "काय म्हनती?"

"तिथली जमीन हलत नाही," सर म्हणाले.

"हो. म्हणूनच."

"मी तळमजला मागून घेतला होता. मला वरचा मजला देत होते, उजेड चांगला म्हणून." काठीचं टोक त्यांनी जमिनीवर दोनदा फिरवलं. "पिंपात दगड आहेत. तसंच ओढाल तर फरशी फुटेल, आणि तुझ्या टेबलाला तीच फरशी लागणार आहे. आधी वरचं झाकण काढायचं, दगड बाहेर काढायचे, मग पिंप हलवायचं. औटीला हे माहीत नाही. त्याला फोन लाव."

स्नेहलनं फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"औटी, लोहकरे बोलतोय. स्नेहलनं सांगितलं. हो. हो, व्यवस्थित सांगितलं. माझी हरकत नाही. नाही हो, तिच्यावर कशाला रागवू? इतक्या वर्षांनी त्या खोलीत कोणाला तरी काहीतरी करायचंय." मग त्यांनी दगडांचं सगळं पुन्हा सांगितलं, औटींकडून ते वदवून घेतलं, आणि फोन परत दिला.

जेवायला नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण होतं. सरांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तो ताटाच्या कडेला तसाच ठेवला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"पन्नास वर्षांचा कार्यक्रम झाला की लगेच."

"मला त्याच्या आधी एकदा नेशील? दिसायचं काही नाही मला. पण त्या पिंपाभोवती एक फेरी मारून यायची आहे. तुझा हात धरला की जमेल."

"आत्ता चला, सर. गाडी आहे. रविवार असला तरी किल्ली माझ्याकडे आहे. रात्री माझ्याकडे राहा, उद्या सोडते."

"येक फेरी म्हनत्यात," कोंडाबाई म्हणाल्या, "आन् दिसभर फिरत बसतील. खुबा पुन्यांदा गेला म्हंजे?" पण म्हणता म्हणता त्या उठल्या होत्या. उरलेल्या भाकरी त्यांनी फडक्यात बांधल्या, सरांचा स्वेटर घेतला, आणि मग कोनाड्यातली स्वतःची चांगली चप्पल काढून पायात घातली.

"तू कुठं?" सर म्हणाले.

"कुटं म्हंजे? ती खोली मी कवा बघितली व्हय? तुमी तिकडं काच घासत व्हता, आन् मी हितं भात लावत व्हते. पोरं यायची, तिचंच कौतुक सांगायची. मला वाटायचं, आसंल कायतरी राजवाड्यावानी."

"एक पिंप आहे गं. आणि चार भिंती."

"आसू द्या. बंद व्हायच्या आदी बघते तर खरं."

सर ओट्याच्या पायरीवर थांबले. त्यांनी मान थोडी वळवली, बायकोच्या कानाकडे नजर लावली, म्हणजे चेहरा दिसावा. "मी तुला कधीच नेलं नाही तिथं?"

"कवा बोलावलंत?"

सर अंगण ओलांडून गाडीपर्यंत गेले, एका हातानं काठी धरून दुसऱ्या हातानं मागचा दरवाजा चाचपला, उघडला, आणि कोंडाबाई आत बसेपर्यंत तो तसाच धरून उभे राहिले.