दादा आज पोटभर जेवले

संध्याकाळी दुकानाचं शटर ओढता ओढता मेसेज यायचा. ‘दादा आज पोटभर जेवले. भाजी पुन्हा मागून घेतली. जेवताना गाणं गुणगुणत होते. काळजी नसावी.’ चष्म्याच्या दुकानातली बाई तो नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची, तेव्हा कुठे तिच्या घशाखाली घास उतरायचा.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. अर्धांगवायूने उजवा हात गेला, बोलणं गेलं, आणि केअर सेंटरात ठेवण्यावाचून इलाज उरला नाही. दिवसभर दोघं नवराबायको दुकानात, घरी बघणार कोण? त्यात तिचा पाय मोडला आणि भेटीही थांबल्या. पण मेसेजमध्ये गाणं आलं तशी ती हरखली. सूर फुटलाय, म्हणजे बोलणंही येईल हो!

पाय बरा झाल्यावर ती गेली, आणि दादाला बघून दारातच थबकली. गालफडं पार बसलेली. सदऱ्याच्या गळ्यात दोन माना मावतील. समोर ताट होतं, तेही उजव्या बाजूला, मेलेल्या हाताकडे. तो नुसता बघत बसला होता. थोड्या वेळाने सेंटरातली मावशी आली, “झालं ना दादा?” म्हणाली, भरलं ताट उचललं, फोनवर खूण केली आणि पुढच्या खाटेकडे गेली. बिचारीच्या मागे अख्खा हॉल होता.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक मॅनेजरकडे.

“हे मेसेज कोण लिहितं? धडधडीत खोटं आहे सगळं!”

“ताई, एआय लिहितो,” मॅनेजर साखर पेरत म्हणाला. “तो कसा चालतो, माहीत आहे तुम्हाला?”

“नाही. मला माझा भाऊ माहीत आहे.”

“तसं नसतं ना. आधी नीट समजून घ्या, मग नावं ठेवा.”

दूध नासलंय हे कळायला गाय पाळावी लागते का, हे तिला रस्त्यावर आल्यावर सुचलं. मेली असली उत्तरं नेहमी दाराबाहेरच सुचतात.

पण बाई हट्टी. नणंदेची मुलगी एआयच्याच कामात होती, तिच्यापुढे जाऊन बसली. म्हणाली, “समजाव मला. सगळं.”

पोरीने जीव लावून समजावलं. “मामी, त्याला दादामामा दिसत नाहीत. ‘जेवण दिलं’ एवढी खूण मिळते. माणसांनी लिहिलेलं ढीगभर वाचून तो शिकलाय, कशापुढे काय शोभेल ते जुळवतो. माणसाबद्दल काही सांगून ठेवलं असेल, तर तेही घालतो.”

“काय सांगून ठेवलं असेल?”

“सवयी, आवडीनिवडी. भरती करताना विचारलं नव्हतं का कोणी?”

विचारलं होतं की! मॅनेजरने चहा पाजून विचारलं होतं, आणि हिने तोंड भरून सांगितलं होतं. आमचा दादा भाजी दोनदा मागून घेतो. जेवताना गुणगुणतो. सांगितला तो आजाराआधीचा दादा. खुर्चीत कलंडलेल्या माणसाबद्दल काय सांगायचं? आपल्या माणसाचं चांगलं ऐकून लोक त्याला जरा जीव लावतील, एवढीच तिची आशा. तिचेच शब्द रोज संध्याकाळी तिच्याकडे परत येत होते, आणि तेच वाचून ही बया पोटभर जेवत होती. तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती पुन्हा सेंटरात गेली. काय काय समजलं ते घडाघडा बोलून दाखवलं. मॅनेजर खूश!

“बघा, समजलं ना? खोटं कोणीच बोलत नाही. मावशींनी जेवण दिलं, तशी खूण केली. यंत्राने ते छान शब्दांत लिहिलं. आता मी रागावू कोणावर?”

“मग त्याला भरवायचं कोणी?”

“माणसं कमी आहेत ताई, म्हणून तर हे घेतलं. हवं तर मेसेज बंद करतो.”

तिने हात टेकले. काही समजत नव्हतं तेव्हा निदान भांडायला कोणीतरी होतं. दुसरीकडे न्यावं, तर कुठे जागा नाही आणि कुठे हेच यंत्र. आणि मेसेज बंद केला, तर दादाची एवढीही खबर कोण देणार?

त्या दिवशी तिने दुकान नवऱ्यावर टाकलं आणि दादाला स्वतः भरवलं. मऊ कालवून, घोट घोट पाणी देत. तो डाव्या हाताने तिचं मनगट धरून जेवला. रडत जेवला. ती उठायला लागली तरी मनगट सोडेना. शेवटी तिनेच त्याची बोटं एकेक करून सोडवली.

घरी पोचेपर्यंत मेसेज आला. ‘दादा आज पोटभर जेवले. जेवताना गाणं गुणगुणत होते. काळजी नसावी.’

“काय गं, जेवला का दादा?” नवऱ्याने आतून विचारलं.

“जेवला,” ती म्हणाली. “आज जेवला.”

ती ताटावर बसली. घास उचलला आणि तसाच हातात धरून राहिली. उद्या दुकान होतं. उद्याही हाच मेसेज येणार, हे आता तिला चांगलंच समजत होतं.