डोरिसबाईस कळावे

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आरोंद्यात कुणी कुणाला विचारत नाही. जानकीने तर लेकीचं, सुनीतीचं, दिवस गेल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात बाज नव्या सुंभाने विणून घेतली होती. त्यामुळे शहाऐंशी सालच्या त्या सकाळी, अमेरिकेहून येऊन चारच दिवस झालेली लेक जेव्हा म्हणाली, "आये, माका बाळंतपण थंयच करूचा आसा," तेव्हा जानकीच्या हातातली नारळाची कवड हातातच राहिली.

कारणं सुनीतीने दिली. नवऱ्याला, सत्यवानाला, ट्रॅक्टरच्या कारखान्यातून रजा नाही, आणि बापाने आपलं मूल रांगायला लागल्यावर बघायचं का? जावयाचं नाव आलं की सासूची बोलती बंद, म्हणून जानकीने सगळा राग त्याच्या गावावर काढला. असलं कसलं ते गाव! लेकीच्याच निळ्या पत्रांतून तिला ठाऊक होतं: अमेरिकेच्या ऐन मध्यावर, समुद्र हजार मैल लांब, चहूकडे मका, संध्याकाळी सहाला दुकानं बंद, आणि वीस हजार वस्ती असून रस्त्याने चालणारं माणूस औषधालासुद्धा नाही.

"थंय तुझा कोण आसा गो?" तिने विचारलं. भांडायला म्हणून विचारलं, पण विचारता विचारता लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हा सुनीतीने शेजारच्या डोरिसबाईची गोष्ट सांगितली. डोरिसबाई सत्तरीची, विधवा, एकटी. पहिल्याच हिवाळ्यात ही तिच्याकडे दुपारची कॉफी प्यायला गेली. निघताना आपल्यात 'जातंय' म्हणत नाहीत, 'येतंय' म्हणतात. सवयीने हिने त्याचंच इंग्रजी करून सांगितलं आणि घरी आली. म्हातारीला काय ठाऊक आपली रीत? तिने ते खरं मानलं. बटाटे भाजले, दोन पानं मांडली, वाट पाहिली. दिवेलागण झाली तरी पोरीचा पत्ता नाही म्हटल्यावर, गुडघाभर बर्फातून काठी टेकत, झाकलेलं भांडं घेऊन दारात हजर. रागावली नव्हती. पोरीला काही झालं तर नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं.

जानकी हसली आणि मग तिने डोळ्यांना पदर लावला. आपण इथे बसून त्या गावाला नावं ठेवत होतो, आणि तिथे एक परकी बाई आपल्या लेकीसाठी बर्फ तुडवत होती. तिला फार बरं वाटलं. हेवाही वाटला, अगदी सवतीचा वाटावा तसा.

तिसऱ्या दिवशी तिने कागद आणि पेन आणून लेकीपुढे ठेवलं आणि लिही म्हणाली, इंग्रजीत, त्या डोरिसबाईसाठी. बाळंतिणीला थंड पाणी द्यायचं नाही. कानाला फडकं बांधायचं. अळीव भिजवून गूळखोबऱ्यात शिजवायचा. अळीव इथून पाठवते. अशाने म्हातारी घाबरेल, असं म्हणत सुनीती हसत लिहीत होती. जानकीने लक्ष दिलं नाही.

सगळं सांगून झालं तरी तिने लेकीला पेन खाली ठेवू दिलं नाही. खाडीकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "आणि ह्या लिही. माझा चेडू सुनीती रडाक लागला, तर तेका उगी करू नकात. नुसत्या जवळ बसान ऱ्हवा. रडान झाला काय ता आपणच बोलता."